हिल्केच्या पायांची वही

सोमवार, ३ फेब्रुवारी

डावा घोटा २३॥ सेंटिमीटर, उजवा २३. डावी पोटरी ३६, उजवी ३५.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज संध्याकाळी हिल्केच्या पायांची मापं घ्या आणि लिहून ठेवा. वही आणावी लागली नाही. शिडांच्या मापांसाठी घेतलेली ही जाड वही मी काम थांबवलं तेव्हापासून कोरीच पडून होती. फीतही तीच. पन्नास वर्षं या फितीनं बोटींची शिडं मोजली, आता बायकोचे घोटे मोजतोय. बाजूला जागा उरते, म्हणून मनातलंही दोन ओळी लिहीन. हिल्के काही ही वही उघडायची नाही. माझं अक्षर म्हणजे चिखलात बदक चालून गेल्यासारखं आहे असं तिचं मत.

हिल्केला शुगर आहे, बारा वर्षं झाली. या हिवाळ्यात पाय सुजायला लागले. बोटानं दाबलं की मळलेल्या पिठात पडावा तसा खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. तीन आठवडे पट्टे बांधून सूज उतरवली, मग मापं घेऊन दाबाचे मोजे करून आणले. दोन जोड, बोटांशी उघडे, आणि इतके घट्ट की बघूनच माझी बोटं शिवशिवली. ते द्यायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला आणि घोट्याला पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहिला. पावलापर्यंत रक्त धड पोचतंय हे बघितल्याशिवाय शुगरवाल्यांना हे मोजे द्यायचे नाहीत म्हणे. मला हसू आलं. मोजेच ते, तोफ आहे का.

उद्यापासून ते चढवायला घरसेवेचा माणूस येणार. सकाळी सव्वासातला, हिल्के पलंगावरून उतरायच्या आत, कारण पाय खाली सोडले की पाणी पायात उतरायला लागतं. मी म्हटलं, माणूस कशाला, मी आहे ना. शीड असो की मोजा, कापड ताणून सरळ बसवायचं एवढंच.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

घोटे तेवढेच.

आला. नाव येल्मर. चाळिशीच्या आतला, खांदे नावाड्यासारखे, हात मात्र बायकांसारखे मऊ. दारातच मला म्हणाला, "सुप्रभात, पाके." पाके. म्हणजे आमच्या बोलीत आजोबा. मी अजून कुणाचा आजोबा झालेलो नाही, याचा तर नाहीच नाही. ठीक आहे, माझी दाढी पांढरी आहे. पण आत गेला आणि हिल्केला काय म्हणाला? हिल्के. नुसतं हिल्के. ती माझ्याहून फक्त दोन वर्षांनी लहान आहे.

मी म्हटलं, मला चढवू दे. तो बाजूला झाला, हात मागं बांधून उभा राहिला. मी मोजा ओढला. दम लागला, पण ओढला. तो वाकला, घोट्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवलं. तिथं एक बारीक घडी होती.

"पाके, शिडाला एवढी घडी चालत असेल," तो म्हणाला. "शिडाच्या आत चामडी नसते. शुगरमुळं हिला ही घडी कळणार नाही, आणि संध्याकाळपर्यंत तिथं जखम होईल."

मग त्यानं भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले, हिल्केच्या पावलावर आधी एक निसरड्या कापडाची पिशवी घातली, त्यावरून मोजा सरकवला, पिशवी बोटांकडून खेचून काढली, आणि तळव्यापासून गुडघ्यापर्यंत नुसते हात फिरवत कापड असं बसवलं की जणू कातडीच. मी बघत होतो. कुणाचंही चांगलं काम मला दिसतं, तेवढा अन्याय मी करणार नाही. पण त्याला घडी हा शब्द मला ऐकवायचं कारण नव्हतं. तेही बायकोसमोर.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डावा २३, उजवा २३. सूज काबूत आहे.

अकरा मिनिटं. आज मी घड्याळ लावून पाहिलं. दोन मोज्यांना अकरा मिनिटं लागतात का? मी स्वयंपाकघरात कॉफी करत होतो आणि आतून हिल्केचं हसणं ऐकू आलं. नुसतं हं हं नाही. ते वरच्या पट्टीतलं, घशात फुगा फुटल्यासारखं हसणं. आम्ही तरुण होतो तेव्हा वसंतात बोटीच्या टपावर मी तिचे पाय मांडीवर घ्यायचो, तेव्हा ती असं हसायची. पुढच्या कित्येक वर्षांत मला ते ऐकलेलं आठवत नाही. मला वाटलं होतं, वयाबरोबर गेलं असेल. गेलं नव्हतं. कपाटात ठेवलेलं होतं, पाहुण्यांच्या बश्यांसारखं.

नंतर त्याला कॉफी. मग हिल्केनं बिस्किटांचा डबा उघडला, त्यानं एक घेतलं. डबा बंद. इथवर सगळं रीतीनं. आमच्या घरात, आणि गावातल्या कुठल्याही घरात, कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं. माझी सासू तर झाकण उघडतानाच बंद करायला लागायची. तर हिल्केनं थोड्या वेळानं डबा पुन्हा उघडला आणि म्हणाली, घे रे आणखी एक.

आमच्या लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली. मला दुसरं बिस्किट ती एकदाच म्हणाली होती, माझे वडील गेले त्या दिवशी.

मी उठून मागच्या शेडमध्ये गेलो, माझ्या जुन्या कामाच्या जागी.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मापं ठीक.

आज संडासात बसलो असताना वाढदिवसांच्या कॅलेंडरकडं सहज नजर गेली. इथल्या प्रत्येक घरात असतं तसं दाराच्या आतल्या बाजूला टांगलेलं आहे, दुसरं बघायला असतं काय. तिथं आमच्या लेकीचं, आंकेचं नाव आहे, जावयाचं, हिल्केच्या बहिणींची, गेलेल्यांची क्रूस काढून. माझ्या धाकट्या भावाचं नाव त्यावर यायला त्याला दारू सोडावी लागली होती. मी सहज पानं उलटली. एप्रिलच्या पानावर, तेवीस तारखेपुढं, हिल्केच्या गोल अक्षरात, शाईनं: येल्मर.

शाईनं.

आणि हे पुरे नव्हतं म्हणून फेब्रुवारीच्या पानावर गेल्या आठवड्यापासून प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीच्या रेघा. चार उभ्या आणि पाचवी आडवी, मग पुन्हा. नऊ, अकरा, दहा. काल बारा. कसला हिशेब हा? आधी वाटलं, त्यानं किती मिनिटं दिली ते. अकरा जुळत होतं. पण रविवारी दुसरीच बाई आली होती, तरी त्या दिवशीही दहा रेघा. मग वाटलं, तो येईपर्यंत ती किती वेळा खिडकीतून बघते ते. विचारायला तोंड उघडलं होतं, पण काय म्हणून विचारायचं? मी संडासात बसून तुझी गुपितं वाचतो म्हणून?

हल्ली मी तिथं जरा जास्तच बसतो हेही खरं. ताक पितो ना. या वर्षी ताक फार प्यावंसं वाटतं, तांबेच्या तांबे. शेडमध्ये व्हार्निशच्या वासानं घसा कोरडा पडत असणार.

रविवार, १६ फेब्रुवारी

हिल्के: डावा २३, उजवा २२॥. सुंदर घोटे. बाईच्या घोट्यांकडं बघून तिच्या नवऱ्यानं असं म्हणावं, यात काही गैर नाही.

ती आरामखुर्चीत पेंगत होती, फीत हातात होती, म्हणून सहज स्वतःचेही मोजले. डावा २९, उजवा २८॥. पुरुषाचा पाय तो, दणकट असणारच. आयुष्यभर उभं राहून काम केलं. साध्या मोज्याच्या रबराची खूण नडगीवर उमटली होती, त्यात करंगळी मावली. लाकडी बूट मात्र यंदा दोन्ही पायांना घट्ट होतायत. लाकूड ओलं होऊन फुगलं असेल.

मनात एक विचार आला तो लिहून ठेवतो, लाज वाटली तरी. मी तिच्याहून वाईट स्थितीत असतो तर तिनं माझ्याकडंही असं बघितलं असतं का.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज ऐकलं. ऐकायला गेलो नव्हतो. कॉफीचा कप द्यायला दाराशी गेलो, दार अर्धं लोटलेलं होतं.

येल्मर म्हणाला, "पण नक्की कधीपासून असं चाललंय?"

हिल्के म्हणाली, "नाताळापासून. पण त्याला कळता कामा नये. तो बिथरेल. तुला माहीत नाही तो कसा आहे ते."

"मग मी सरळ त्याच्याशी बोलू का?"

"नको. जरा थांब. मी कशीतरी वाट काढते."

मी कप घेऊन तसाच मागं फिरलो. कॉफी बशीत सांडली. नाताळापासून. तो तर आमच्याकडं या महिन्यात यायला लागला. म्हणजे आधीपासून ओळख होती. पट्टे बांधायला यायच्या त्या बायकांबरोबर एकदा आला असेल. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, ती शहात्तर. अशा गोष्टी या वयात होत नाहीत असं म्हणतात. जे म्हणतात त्यांच्या घरी कुणी मऊ हातांचा माणूस रोज सकाळी बायकोच्या पलंगाशी गुडघे टेकत नाही.

तो निघाला तेव्हा शेडच्या दाराशी थांबला होता. "पाके, दोन मिनिटं?" मी करवत सुरू केली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ठरलं. त्याला घरातून घालवायचा एकच सभ्य मार्ग आहे. त्याच्याहून चांगला मोजा चढवायचा. घरच्या माणसाला जमायला लागलं की घरसेवा यायचं बंद करते, हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण त्याच्याकडून शिकणार नाही. शिडं तरी मला कुणी शिकवली होती? चौदाव्या वर्षी शाळा सुटली, बाकी सगळं मी उसवून बघून शिकलो.

दोरीवर हिल्केचे धुतलेले मोजे वाळत होते. डावा घेतला. तिनं विचारलं तर वाऱ्यानं नेला म्हटलं. ती म्हणाली, एकच नेला? चोखंदळ आहे वारा. आता बिचारीला डाव्या पायाचा मोजा रोज संध्याकाळी धुवून शेगडीपाशी वाळवावा लागणार. वाईट वाटलं. पण थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

हिल्केची मापं घ्यायची राहिली.

सकाळपासून शेडमध्ये, स्वतःच्या पायावर सराव. पहिल्या सहा वेळा घाम निघाला. सातव्या वेळी एक युक्ती सुचली. जुन्या हलक्या शिडाचा तुकडा, ते वाऱ्यात फुग्यासारखं फुगणारं लाल रेशमी कापड, पावलावर गुंडाळलं आणि वरून मोजा सरकवला. सरकन चढला. मोजा हिल्केच्या मापाचा आणि पाय माझा, म्हणून गुडघ्याखाली कड जरा गुंडाळली गेली आणि घोट्याशी थोडं कापड जमलं. पण काही टोचत नाही, काही खुपत नाही. इतका घट्ट मोजा आणि मला घातल्याचंही जाणवत नाही. त्यानं उगाच बाऊ केला होता. दिवसभर तसाच घालून काम केलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

रात्री काढला नाही. काढला असता तर हिल्केनं पाहिला असता. आजही घातलेला आहे, सवय व्हायला हवी.

डाव्या बुटात आतल्या बाजूला लाल लागलंय. बोटीच्या तळाचा रंग. हा रंग माणसाचा पिच्छा सोडत नाही, गेल्या मे महिन्यात लावला होता आणि अजून निघतोय.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहायचं आहे.

सव्वासातला येल्मर आला. मी पलंगाशी तयार उभा होतो, रबरी हातमोजे घालून, शिडाचा लाल तुकडा खांद्यावर टाकून. म्हटलं, आज मी. तो म्हणाला, बरं. हिल्केनं पाय पुढं केला.

मी गुडघे टेकले. लाल कापड पावलावर, वरून मोजा, कापड बोटांकडून बाहेर, मोज्याची टाच टाचेवर, मग तळहातानं खालून वर, हळूहळू. घोट्यापाशी हात उलटा फिरवून शेवटची सुरकुती वर काढून लावली. दोन्ही पाय. सहा मिनिटं. येल्मरनं वाकून बोट फिरवलं, टाचेवर, घोट्यावर, पोटरीवर. कुठं काही सापडलं नाही.

"पाके," तो म्हणाला, "माझ्यापेक्षा चांगलं झालंय."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी वीस दिवस जळत होतो. ऐकलं. मग उठलो, आणि हिल्के खाली बघून म्हणाली, "रिन्त्स, गालिच्यावर काय आहे?"

डाव्या पायाचा ठसा. लाल. मी म्हटलं, बोटीचा रंग.

"बसा," येल्मर म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. त्यानं माझा लोकरी मोजा काढला आणि खाली वाऱ्यानं नेलेला तो मोजा निघाला. हिल्केनं तोंडावर हात ठेवला. मोजा काढताना घोट्याच्या पुढं चिकटला होता, त्यानं पाण्यानं भिजवून भिजवून सोडवला. घडी पडली होती तिथं कातडी नव्हती. एक लांबट खड्डा, नाण्याएवढा रुंद. गुडघ्याखाली कड रुतून निळी खोबण. वास आला. तो मला आला नाही, त्या दोघांच्या चेहऱ्यावर दिसला.

"हे दुखत नाही?"

"नाही."

"इथं दाबतोय, कळतंय?"

मी म्हटलं, दाब ना मग. तो म्हणाला, दाबतोय.

मग त्यानं मला डोळे मिटायला लावले. खिशातून नायलॉनचा एक ताठ धागा काढला. म्हणाला, जिथं स्पर्श होईल तिथं हो म्हणा. मी वाट बघत बसलो. बराच वेळ तो काही सुरूच करेना. शेवटी मी म्हटलं, लाव की. डोळे उघडले तर हिल्के रडत होती. दहा जागी लावून झालं होतं. मी दोनदा हो म्हणालो होतो.

त्यानं तिच्याच यंत्रानं माझ्या बोटाचं रक्त तपासलं. आमच्याकडच्या यंत्रावर सात-आठ म्हणजे ठीक, हिल्केचा आकडा बारावर गेला तरी ती दिवसभर काळजीत असते. माझा एकवीस आला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडं. मलाही शुगर आहे, बहुधा काही वर्षांपासून. घोट्याला पट्टा बांधून दाब पाहिला. डाव्या पायाला रक्त कमी पोचतंय. म्हणजे ज्या पायाला दाबाचा मोजा लावायलाच नको होता, त्याच पायाला मी तो तीन दिवस, झोपेतसुद्धा, आवळून ठेवला. बाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. जिल्ह्याच्या इस्पितळात पायांच्या दवाखान्यात पाठवतायत, उद्याच. जखम हाडापर्यंत गेली आहे का ते बघायचं. गेली असेल तर पाऊल राहील की नाही ते मग ठरेल.

घरी येताना हिल्केनं गाडी चालवली. पुलापाशी थांबावं लागलं, एक मालवाहू बोट जायची म्हणून पूल वर उचलला होता. ती समोर बघतच म्हणाली, "नाताळापासून तू रोज दहा-दहा वेळा संडासात जातोस. ताकानं तुझी तहान भागत नाही. तुझ्या नडग्या माझ्याहून जाड झाल्यात. मला सगळं माहीत आहे रे, बारा वर्षं मी हेच जगतेय. तुला म्हटलं असतं तपासून घे, तर तू वर्षभर शेडमधून बाहेर आला नसतास."

मी विचारलं, कॅलेंडरवरच्या रेघा?

"येल्मर म्हणाला, मोजून ठेव. नक्की किती वेळा ते कळलं तर डॉक्टरांना सांगता येईल. वही तर तू घेऊन बसला होतास."

पूल खाली आला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला.

"आणि बिस्किटं?"

"तो थांबावा म्हणून. तू साडेसातला कॉफीला येशील, बाजूला बसशील, लाकडी बूट काढशील, तो सहज तुझे पाय बघेल. एवढीच माझी युक्ती. तर तो आला की तू शेडमध्ये. त्या बिचाऱ्यानं माझ्यासाठी किती बिस्किटं खाल्ली. त्याला बडीशेपेची आवडतसुद्धा नाहीत."

गुरुवार, ६ मार्च

हाड वाचलं आहे. फोटोत दिसलं, डॉक्टरनं दोनदा पाहून सांगितलं. डाव्या पायाची एक रक्तवाहिनी फुग्यानं मोकळी करणार आहेत. पायात होडीएवढा बूट दिला आहे, चालायचं नाही, शेड बंद. गोळ्या. ताक बंद नाही, पण मापानं. दाबाचा मोजा मला नाही, डॉक्टर सांगतील तेव्हाच, कदाचित कधीच नाही.

गंमत बघा. हिल्केचे पाय बावीस-तेवीसवर सुंदर बसलेत, आणि मी तिच्या मोज्यांकडं बघत बसतो, दुसऱ्याच्या नव्या बोटीकडं बघावं तसा.

शुक्रवार, १४ मार्च

आता येल्मर दोघांसाठी येतो. आधी तिचे मोजे, मग माझी जखम. धुतो, बघतो, कडेनं मापतो, पट्टी लावतो. तो खाली बसलेला असतो तेव्हा त्याच्या डोक्यावरचं टक्कल दिसतं. हे आधी दिसलं असतं तर माझा अर्धा त्रास वाचला असता.

आज तो गेल्यावर हिल्केनं घड्याळ पुढं केलं. "माझ्याकडं सात मिनिटं. तुझ्याकडं चोवीस. मी मोजलीत."

मी म्हटलं, जखम आहे.

"हो. आणि काल तुम्ही दोघं शिडांबद्दल काय बोलत होता? मी आत आले तर गप्प झालात."

मला इतकं बरं वाटलं की लपवता येईना.

रविवार, ३० मार्च

जखम ओढत ओढत लहान होतेय. रक्तवाहिनी मोकळी केल्यापासून पाऊल गरम लागतं. म्हणजे हिल्केला लागतं, मला तिच्या हातानं कळतं.

आरामखुर्चीत बसून शिवणकाम काढलं आहे. लाल हलक्या शिडाची पिशवी, हिल्केच्या पावलाच्या मापाची, पुढं खेचायला पट्टी, शिवण बाहेरच्या बाजूला म्हणजे आत काही टोचायला नको. दुकानातल्या पिशवीपेक्षा दुप्पट निसरडी. ती घालून हिल्के दोन्ही मोजे स्वतः चढवते. येल्मरनं हातात घेऊन पाहिली, उलटी केली, शिवण बघितली. म्हणाला, पाके, आणखी चार होतील का, रांगेत चार म्हाताऱ्या आहेत.

मी विचारलं, कोण चार.

त्यात बेकरीवाल्याची विधवा निघाली. तो आमच्या आधी तिच्याकडं जातो, पावणेसातला. आणि तिच्याकडं वीस मिनिटं लागतात असं सहज बोलून गेला. तिला तर जखमही नाही. वीस मिनिटं कशाला लागतात हे मी विचारलं नाही. तिची पिशवी सगळ्यात शेवटी शिवणार आहे.

बुधवार, २३ एप्रिल

हिल्के: डावा २२॥, उजवा २२॥. मी: डावा २५, उजवा २५. जखम बंद. आजपासून पट्टी नाही.

येल्मर दारात आला आणि म्हणाला, अभिनंदन, पाके. मी म्हटलं, वाढदिवस तुझा आहे. तो म्हणाला, पण कॅलेंडर तुमचं ना. आमच्याकडं वाढदिवसाला घरातल्या सगळ्यांचंच अभिनंदन करायची रीत, पण कुणी संडासातल्या कॅलेंडराचं केलेलं पाहिलं नव्हतं. हिल्केनं केक केला होता, त्याच्यासाठी साखरेचा आणि आमच्यासाठी वेगळा, ज्याबद्दल मी काही लिहीत नाही.

आज त्याची आमच्याकडची शेवटची सकाळ. आता दोघांनाही जमतं, म्हणून घरसेवा थांबणार. तेच, जे फेब्रुवारीत मला हवं होतं. तो म्हणाला, एक गोष्ट राहिली, रोज करायची, मोज्यांच्या आधी. आणि हिल्केचा उजवा पाय माझ्या मांडीवर दिला.

"माझा धागा मी रोज काढत नाही," तो म्हणाला, "इथं नुसतं बोट फिरवायचं, तळव्याच्या मधोमध. हिचा पाय बाकी सगळा झोपलेला आहे, एवढी जागा जागी आहे. मी रोज हेच करायचो. हसली की समजायचं, आहे अजून."

म्हणजे ते हसणं.

मी बोट फिरवलं. काही नाही. मी त्याच्याकडं पाहिलं. तो म्हणाला, आणखी खाली, हलकं, शिवणीवरून बोट फिरवता तसं.

हिल्के हसली. घशात फुगा फुटल्यासारखी, डोकं मागं टाकून. येल्मरनं त्याची पिशवी उचलली, उरलेला केक कागदात गुंडाळून घेतला, आणि आपला आपण दार ओढून गेला. पुन्हा बेकरीवाल्याच्या विधवेकडं गेला असेल. जाऊ दे.

मी तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला.